पळसाच्या पानातील भाजणी: रायपूर ते वऱ्हाड

रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूर रस्त्यावरील भनपुरी आज औद्योगिक वसाहत म्हणून ओळखली जाते. मात्र ज्या धानाच्या मुलखात ती वसली आहे, तेथील निखाऱ्यावर अन्न भाजण्याची रीत कारखान्यांहून फार जुनी आहे. या रीतीचा मुख्य पदार्थ म्हणजे अंगाकर.

अंगाकरसाठी तांदळाच्या पिठात बहुधा उरलेला भात मळतात. जाड भाकर थापून ती पळसाच्या किंवा केळीच्या पानांत झाकतात आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ठेवतात. गोवरीला छत्तीसगढीत छेना म्हणतात. ज्वाळा शमून धूर ओसरल्याशिवाय भाकर ठेवत नाहीत. वरचे पान करपते, आतली भाकर मात्र वाफेवर शिजून खरपूस होते. ती टोमॅटोच्या चटणीबरोबर खातात. उरलेल्या भाताचा दुसरा उपयोग उन्हाळी बासीत होतो. पाण्यात भिजवलेला हा भात कष्टकऱ्यांचे अन्न असल्याने छत्तीसगढ सरकारने 1 मे 2022 रोजी, कामगार दिनी, बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले.

पश्चिमेला विदर्भात हीच पद्धत गव्हावर चालते. कणकेचे पानगे पळसाच्या पानांत घालून भाजतात. वऱ्हाडातील रोडग्यात कणकेचे थर एकात एक भरलेले असतात. ते गोवऱ्यांच्या आरावर भाजून वरण आणि वांग्याच्या भाजीबरोबर पंगतीला वाढतात. नवस फेडताना शेतात किंवा देवस्थानी हा स्वयंपाक होतो. दोन्ही प्रदेशांना पळस सारखाच लाभला आहे. फाल्गुनात फुलून गेल्यावर त्याला नवी पालवी येते आणि उन्हाळ्यात ताजी, रुंद पाने हाताशी असतात.

या प्रदेशांचा राजकीय संबंधही जुना आहे. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत छत्तीसगढातील रतनपुरावर चालून गेले. 1758 पासून 1787 पर्यंत बिंबाजी भोसले यांनी तेथून छत्तीसगढचा कारभार पाहिला. 1818 नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी मुख्य ठाणे रायपूरला हलवले आणि 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. अंगाकर आणि पानगा यांपैकी एक दुसऱ्यापासून आला, असे मात्र म्हणता येत नाही. सारखे झाड आणि सारखे इंधन असले की सारखी रीत आपोआप घडू शकते.

भाकरीप्रमाणेच मांसही निखाऱ्यावर भाजतात, आणि ही परंपरा ग्रंथांतही आढळते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या, साधारण 1130 मधील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात सळईला टोचून निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाचे वर्णन आहे. रायगड जिल्ह्यातील पोपटीत मांस किंवा अंडी मडक्यात वालाच्या शेंगांबरोबर, भांबुर्डीच्या पाल्यात रचतात. मडके उपडे ठेवून भोवती जाळ करतात आणि थेंबभरही पाणी घालत नाहीत. पोपटी आणि आगटीत भाजलेला हुरडा हे हिवाळ्याचे प्रकार. उन्हाळ्यात तशाच निखाऱ्यात कैऱ्या भाजून पन्हे करतात.

आजच्या आरोग्यविचाराला या रीतींत बरेच काही घेण्याजोगे आहे. उघड्या जाळीवर मांसाची चरबी निखाऱ्यावर ठिबकली की उठणाऱ्या धुरात पीएएच नावाची घातक रसायने असतात. ती मांसावर बसतात. फार तापलेल्या मांसात हेटरोसायक्लिक अमाइन तयार होतात. पानात गुंडाळल्याने किंवा मडक्यात झाकल्याने अन्न ज्वाळेपासून आणि धुरापासून बरेच वाचते, शिवाय तेलही कमी लागते. ही पद्धत मोकळ्या अंगणाचीच आहे, कारण बंद खोलीतील गोवऱ्यांचा धूर फुफ्फुसांना अपायकारक असतो.

2016 मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे ग्रामीण घरांत गॅस पोहोचला आणि रोजच्या चुलीचे काम कमी झाले. त्यामुळे पानातील भाजणी आता प्रसंगापुरती उरली आहे. रायपुरात महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारातील ‘गढकलेवा’ या उपाहारगृहात छत्तीसगढी पदार्थ मिळतात, तर विदर्भात रोडग्यांच्या पंगती अजूनही उठतात.