सुरतेतील रोबोकॉन संघ

रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिक देशांतील महाविद्यालयीन संघांची स्पर्धा २००२ साली तोक्योत सुरू झाली. सुरतेच्या १९६१च्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला, म्हणजे आजच्या सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेला, २००२ मध्येच ‘एनआयटी’चा दर्जा मिळाला. पुढे तिथले ‘दृष्टी’ हे विद्यार्थी मंडळ या स्पर्धेत उतरू लागले.

२००८ची आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात झाली, तीही दहीहंडीवर बेतलेली! हंडीतले लोणी काढायचे ते यंत्रांनी. अशा खेळात सांगाडा, वायरिंग आणि प्रोग्रॅमिंग यांची जबाबदारी वेगवेगळ्या गटांकडे सोपवावीच लागते. मैदानात मात्र तीनच विद्यार्थी उतरतात. त्यामुळे कर्णधाराची खरी कसोटी कार्यशाळेतच लागते. अनुभवी मुले पदवी घेऊन बाहेर पडतात, म्हणून धाकट्यांना वेळीच तयार करणे हे त्याचे सर्वांत मोलाचे काम ठरते.