खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीत दिवा कधी लावावा?

खाऱ्या पाण्याची नवी मत्स्यपेटी भरली, की मालकाला पहिली घाई होते ती दिवे लावण्याची. वस्तुतः पहिल्या चार ते सहा आठवड्यांतले खरे काम अंधारातही चालते. मृत प्रवाळांच्या सच्छिद्र सांगाड्यांचा ‘लाइव्ह रॉक’ पेटीत ठेवल्यावर त्यावरील, वाहतुकीत मेलेले जीव कुजून अमोनिया तयार होतो. खडकातील जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. यालाच ‘सायकलिंग’ म्हणतात. या जीवाणूंना प्रकाश लागत नाही. उलट तीव्र प्रकाशात त्यांची वाढ मंदावते.

प्रकाश हवा असतो तो शेवाळाला. नायट्रेट, फॉस्फेट आणि दहा-बारा तास जळणारे दिवे यांची गाठ पडली, की आधी डायाटमचा तपकिरी थर आणि मागाहून हिरवे केसाळ शेवाळ माजते. ते उपटता उपटता हौशी माणसाची पुरेवाट होते. मात्र पूर्ण अंधार हा सरसकट उपाय नव्हे. खडकावरील जांभळे-गुलाबी कोरलाइन शेवाळ प्रकाशावरच जगते. ते टिकवायचे तर रोज चार ते सहा तास मंद दिवा पुरे.

वाळवलेला, निर्जीव खडक वापरल्यास या काळात दिव्याची गरजच नाही. अमोनिया व जीवाणू मात्र बाहेरून द्यावे लागतात. भारतात हाच मार्ग शहाणपणाचा. प्रवाळभित्ती रचणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून उचललेला ‘खडक’ मालकाला अडचणीत आणू शकतो.

अमोनिया व नायट्राइट चाचणीत शून्यावर येईपर्यंत मासे सोडू नयेत. दिव्याचे तास त्यानंतर हळूहळू वाढवावेत.