ग्रीक नाट्यकाव्यातील पदक्रम

प्राचीन ग्रीक नाटकांतील पद्यसंवादांत व वृंदगीतांत शब्दांची मांडणी कोणत्या तत्त्वांनी होते, हा अभिजात भाषाभ्यासातील एक महत्त्वाचा प्रश्न होय. ग्रीक भाषेत कर्ता, कर्म इत्यादींचे संबंध विभक्तिप्रत्ययांवरून कळतात. त्यामुळे पदांची स्थाने बदलली, तरी हे संबंध कायम राहतात. विशेषण व विशेष्य यांच्यामध्ये क्रियापद घालून त्यांना दूर ठेवण्याच्या रचनेस ‘हायपरबॅटन’ (दूरान्वय) म्हणतात.

एस्किलसच्या वृंदगीतांत सामासिक विशेषणे व दीर्घ वाक्ये विपुल आढळतात. सॉफोक्लीझच्या संवादांत वाक्य अनेकदा चरणान्ती न थांबता पुढील चरणात जाते. प्रसंगी उभयान्वयी अव्ययही चरणाच्या शेवटी येते. एकेका चरणाच्या सवालजबाबात एका पात्राचे अपुरे वाक्य दुसरे पात्र पूर्ण करते.

प्राचीन टीकाकार कठीण स्थळी पदांचा सरळ क्रम लावून दाखवीत. संस्कृत काव्याच्या अन्वयासारखीच ही पद्धती असून, तीमुळे मूळ क्रम केवळ वृत्ताच्या सोयीसाठी आहे, असे वाटणे स्वाभाविक होते. तथापि लाँजायनसच्या नावावर असलेल्या ‘उदात्तता’विषयक ग्रंथात दूरान्वय हे तीव्र भावनेचे लक्षण मानले आहे. संस्कृत व्याकरणकार म्हणूनही ख्यातनाम असलेल्या याकोप वाकरनागेल यांनी १८९२ मध्ये निराघात अव्यये वाक्यात दुसऱ्या स्थानी येतात, हे दाखवून दिले. १९६० मध्ये के. जे. डोव्हर यांचा ग्रीक पदक्रमावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. हेल्मा डिक यांनी २००७ मध्ये शोकात्मिकांतील संवादांचे विवेचन करून, तेथेही प्रस्तुत विषय व ठळक करावयाची नवी माहिती यांवरूनच पदक्रम ठरतो. वृत्त त्यास मर्यादा घालते, पण तो ठरवीत नाही, असे प्रतिपादन केले.

युरिपिडीझच्या मीडीआ (इ. स. पू. ४३१) या नाटकाच्या प्रारंभीचे दाईचे भाषण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. ‘आर्गो’ नौका निघालीच नसती तर, अशी इच्छा ती प्रथम व्यक्त करते. तिच्यासाठी पीलियन पर्वतावर झालेल्या वृक्षतोडीचा उल्लेख त्यानंतर येतो आणि मीडीआचे नाव त्याहूनही पुढे. घटनांचा कालक्रम येथे उलटला आहे. कारण दुःखी मन अनर्थाचे मूळ शोधीत मागे जाते. भाषांतरात हा क्रम ‘सुधारला’, तर घटना समजतात, पण दाईचा शोक हरपतो. प्रेक्षकांना नाटक शब्दाशब्दानेच उलगडत असे. म्हणून पदक्रम हा येथे अर्थाचाच एक भाग ठरतो.