एका घरातल्या दोन पिढ्या

इतिहास शिकवताना एक गोष्ट मला सतत जाणवत आली आहे. सुधारकाने सभेत काय सांगितले ते पाठ्यपुस्तकात असते. त्या दिवशी त्याच्या घरची चूल कोणी पेटवली, मुले कोणी सांभाळली, याची नोंद क्वचितच सापडते. सुदैवाने मराठीत एका घराची अशी नोंद आहे. महर्षी कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली निघाले आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया यांचे ‘माझे पुराण’ १९४४ साली. ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत, असे मी आमच्या शिक्षकांना नेहमी सांगतो.

बाया या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ रोजी अण्णांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि मुरुडकरांनी बहिष्कार घातला. १८९६ मध्ये अण्णांनी विधवांसाठी आश्रम काढला. पुढे तो हिंगण्याला गेला. फर्ग्युसनमधील गणिताचे तास आटोपून अण्णा पायी हिंगणे गाठत. विम्याची ५,००० रुपयांची पॉलिसीही त्यांनी आश्रमाला देऊन टाकली. पदरी मुले असलेल्या बायांना धास्ती वाटली, यात नवल ते काय? त्यातून ज्या आश्रमापायी संसाराची ओढाताण झाली, तेथे पुनर्विवाहित म्हणून बायांनाच सुरुवातीस दूर राहावे लागले. लोक बिथरतील, ही भीती. अण्णांचा त्याग थोर खराच; पण त्याची झळ दोघांना बसली आणि निर्णय एकट्याने झाला.

आता याच घराची पुढची पिढी पाहू. त्यांचे चिरंजीव दिनकर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक, पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य. त्यांच्या पत्नी इरावतीबाई १९२८ साली उच्च शिक्षणासाठी जर्मनीला निघाल्या, तेव्हा विरोध केला तो खुद्द अण्णांनी! १९१६ साली महिला विद्यापीठ काढणारे हेच सासरे. दिनकरराव मात्र पत्नीच्या पाठीशी उभे राहिले. कर्ज काढून तिला पाठवले. १९३० साली त्या बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन परतल्या. १९३९ पासून डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी देशभर पायपीट केली. घरची व्यवस्था बरीचशी दिनकररावांनी अंगावर घेतली होती. बाईंच्या स्कूटरमध्ये पेट्रोल आहे ना, पाकिटात पैसे आहेत ना, हेही तेच पाहत, असे सांगतात. आणि बाई नवऱ्याला चारचौघांत ‘दिनू’ म्हणत! १९५३ सालचा त्यांचा भारतीय नातेसंबंधांवरचा ग्रंथ आणि १९६७ सालचे ‘युगान्त’ आपण गौरवाने मिरवतो. त्यामागे एका प्राचार्याने बिनबोभाट केलेला संसार आहे.

त्या ग्रंथातला एक विचार आपल्या सीमाभागाला जवळचा वाटावा. उत्तरेत मुलगी परक्या घरी जाते. दक्षिणेत मामाच्या किंवा आत्याच्या घरी जाते, तेथे ती ओळखीची असते. महाराष्ट्र या दोहोंच्या सांध्यावर आहे. आपल्या कानडी शेजाऱ्यांच्या घरी आणि आपल्याही घरांत आपण हे पाहतो. पण सासू आत्या असली, तरी स्वयंपाकघर सुनेचेच राहते. नाते जवळचे झाले म्हणून कामाची वाटणी आपोआप होत नाही.

शिक्षकी पेशात इतकी वर्षे काढल्यावर हे जास्तच टोचते. शेवटची घंटा झाली की गुरुजी चहाला थांबतात आणि बाई दळण, भाजी, मुलांचा अभ्यास मनात घोळवत बस गाठतात. पात्रता असूनही ‘घरी जमणार नाही’ म्हणून बढती नाकारणाऱ्या शिक्षिका मी पाहिल्या आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकींचे यजमान सुशिक्षित, सभ्य, बायकोच्या नोकरीचा अभिमान बाळगणारे. परवानगी त्यांनी दिलेली असते. पोळपाट मात्र हाती घेतलेला नसतो.

वाचकहो, ‘मी तिला कधी अडवले नाही’ हे वाक्य आपण पुरुष फार समाधानाने उच्चारतो. दिनकररावांनी एवढ्यावर भागवले असते, तर इरावतीबाईंची निम्मी पुस्तके डाळ-तांदळाच्या हिशेबातच राहिली असती.