व्यायामाला वेळ नाही म्हणे! पण तो वेळ नेला कुणी?

"रोज अर्धा तास तरी चालत जा हो!" डॉक्टर सांगतात, पुढारी सांगतात, सकाळी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवरचे काकाही सांगतात. सल्ला चुकीचा नाहीच. पण बारा तासांची ड्युटी करून वर दोन तास लोकलला लटकणाऱ्या वॉचमनने हा अर्धा तास आणायचा कुठून? ते कुणी सांगत नाही. न चालणारा माणूस आळशी ठरतो आणि विषय संपतो.

आपल्या मुंबईचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो. इथे कष्टकऱ्याला खेळायला, अंग मोकळं करायला जो काही वेळ मिळाला, तो भांडून मिळालेला आहे.

सुरुवात १८८४ पासून करू. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक. त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्या मांडल्या. आठवड्यातून रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहाला सुरू झालेलं काम सूर्यास्ताला बंद, पगार वेळेवर, कामावर जखमी झालेल्याला भरपाई. साडेपाच हजारांवर कामगारांच्या सह्या त्या अर्जावर होत्या. मागण्या नीट बघा. त्यात पैशाइतकाच, किंबहुना जास्तच, वेळ मागितलाय! १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. आज रविवारी मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

पुढची लढाई तासांची. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादाच उरली नाही. दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. मग १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ ला अकरा तास आणि आठवड्याला ६०. १९३४ ला दहा. आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसाला नऊ, आठवड्याला ४८. एकेक तास खाली आणायला वर्षानुवर्षं लागली. त्यामागे संप आहेत, उपाशी दिवस आहेत.

आता कुणी म्हणेल, गिरणी कामगाराला व्यायामाची गरजच काय? दिवसभर अंगमेहनतच तर करत होता! अहो, अंगमेहनत म्हणजे व्यायाम नव्हे. कापसाचा बारीक कण छातीत घेत, कान बधिर करणाऱ्या आवाजात तासन् तास साच्यापुढे उभं राहणं यात शरीर झिजतं, घडत नाही. व्यायामात आपला वेग आपण ठरवतो, दमलो की थांबतो. साचा थांबतो का?

म्हणून गिरणगावाने स्वतःची सोय केली. लालबाग, परळ, नायगाव, डिलाईल रोडच्या चाळींत तालमी निघाल्या, व्यायामशाळा निघाल्या. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या पोरांनी हुतुतू आणला. त्याला ना बॅट लागते ना बूट. दोन रेघा मारल्या की मैदान तयार. पाळी सुटली की गल्लीत डाव सुरू! या खेळाने गिरणगावाला मंडळं दिली आणि नावाजलेले खेळाडू दिले. पुढे १९९० मध्ये कबड्डी आशियाई स्पर्धेत गेली आणि भारताने सुवर्णपदक आणलं. त्या पदकाखाली गल्लीतली मातीसुद्धा आहे.

सरकारनेही एक पाऊल टाकलं होतं. १९५३ साली कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. कामगाराच्या पगारातून थोडी वर्गणी, मालकाची जास्त, सरकारचीही भर. त्यातून कामगार वस्त्यांत कल्याण केंद्रं उभी राहिली. व्यायामशाळा, वाचनालय, कबड्डीच्या आणि नाटकांच्या स्पर्धा. म्हणजे कामगाराचं खेळणं हा मालक आणि सरकार दोघांच्याही जबाबदारीचा भाग आहे, हे आपण सत्तर वर्षांपूर्वी कायद्यात लिहून ठेवलंय.

पण या कहाणीत एक मोठी उणीव आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांत एक बाई होती. तिची पाळी सुटली की दुसरी पाळी सुरू व्हायची: पाणी, चूल, पोरं. कुणी वर खाणावळही चालवायची. तालीम तिच्यासाठी नव्हतीच. कल्याण केंद्रातही पुरुषांना व्यायामशाळा आणि बायकांना शिवणवर्ग, अशीच वाटणी बऱ्याचदा झाली. आशियाई स्पर्धेत महिलांची कबड्डी यायला २०१० उजाडलं, पुरुषांनंतर तब्बल वीस वर्षं! अपंग कामगाराचा तर विचारच नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळाचा हक्क लिहिला गेला, पण आपल्या वॉर्डातल्या व्यायामशाळेला रॅम्प आहे का, एकदा बघून या.

आता जरा लंडनला जाऊ, कारण काम आणि तब्येत यांचं नातं तिथे मोजलं गेलं. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या डबलडेकर बसवाल्यांचा अभ्यास केला आणि तो १९५३ साली छापला. योगायोग बघा, आपला कल्याण निधीचा कायदा त्याच वर्षीचा. त्यांना आढळलं, दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिने चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरला हृदयविकार कमी आणि झालाच तर उशिरा. टपाल वाटणारे पोस्टमन आणि खुर्चीवरचे कारकून यांच्यातही तसाच फरक. आता कंडक्टर काही जिमला जात नव्हता. त्याची हालचाल कामातच होती, पगारी वेळेत होती. व्यायाम नोकरीच्या बाहेरच करायचा असतो, हा आपला समज तिथेच मोडतो.

आणि आपण काय करतोय? १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या संपत गेल्या. मागे सुमारे ६०० एकर जमीन उरली. १९९१ च्या नियमात होतं की गिरणीची जमीन विकसित करताना एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला द्यायची. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची, बांधकामाखालची जमीन वगळून. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. मैदानं होऊ शकली असती तिथे टॉवर आले. त्या टॉवरमध्ये जिम आहे हो, पण दारावरच्या वॉचमनला तिथे प्रवेश नाही.

जागा गेली, आता वेळेची पाळी. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास आणि दुकानं-आस्थापनांत नऊवरून दहा तास करायला मंजुरी दिली. संमती घेणार, ओव्हरटाइम देणार, असं सांगतात. पण नोकरी टिकवायची असलेला माणूस नाही कसं म्हणणार? आणि बारा तासांनंतर त्याला "चालत जा" म्हणणं ही थट्टाच नव्हे का?

तेव्हा मंडळी, फिट राहायचे संदेश जरूर पाठवा. सोबत तीन प्रश्नही विचारा. आपल्या ऑफिसात किंवा कारखान्यात कामाच्या वेळेतच पंधरा मिनिटं अंग मोकळं करायला मिळतात का, सफाईवाल्या ताईंनाही? आपल्या भागातलं मैदान संध्याकाळी पाळी सुटल्यावर उघडं असतं का, आणि तिथे बायकांना निर्धास्त खेळता येतं का? जवळच्या कामगार कल्याण केंद्राची व्यायामशाळा चालू आहे की तिला कुलूप आहे?

लोखंड्यांनी साडेपाच हजार सह्या घेतल्या होत्या, तेव्हा हातात मोबाईल नव्हता. आपल्या भागातली उत्तरं खाली कमेंटमध्ये लिहा. यादी झाली की नगरसेवकाकडे घेऊन जाऊ.