भौतिकशास्त्रज्ञांच्या वार्षिक परिषदा आणि बंगळूर

भौतिकशास्त्रज्ञांची वार्षिक परिषद भरवणे हे स्वतंत्र कौशल्याचे काम आहे आणि भारतात त्याला शंभर वर्षांहून अधिक इतिहास आहे. या इतिहासाचे तीन टप्पे बंगळूर या एकाच शहरात पाहायला मिळतात: गावोगाव फिरणारे अधिवेशन, कायमचे कार्यालय असलेली अकादमी आणि केवळ परिषदांसाठी उभारलेले केंद्र. नियोजनाचा भार कोणी उचलायचा, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक टप्प्यावर बदलत गेले. त्याबरोबर परिषदेत कोणते विज्ञान मांडले जाते आणि ते कोणापर्यंत पोचते, हेही बदलले.

फिरते अधिवेशन

शास्त्रज्ञांनी दरवर्षी नव्या शहरी जमण्याची प्रथा जर्मनीत १८२२ मध्ये लाइपझिगच्या सभेने सुरू केली. इंग्लंडमध्ये १८३१ साली यॉर्क येथे ब्रिटिश असोसिएशनची स्थापना झाली आणि तिने हीच रीत उचलली. जे. एल. सायमनसेन आणि पी. एस. मॅकमॅहन हे रसायनशास्त्राचे दोन तरुण प्राध्यापक भारतात आले, तेव्हा मद्रास आणि लखनौ अशा दूरदूरच्या महाविद्यालयांत काम करणाऱ्या संशोधकांची एकमेकांशी गाठच पडत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांच्या खटपटीतून इंडियन सायन्स काँग्रेस उभी राहिली. पहिले अधिवेशन १५ ते १७ जानेवारी १९१४ या काळात कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत झाले. अध्यक्ष आशुतोष मुखर्जी होते, १०५ जण हजर होते आणि ३५ निबंध सादर झाले. सहा विभागांत भौतिकशास्त्राचा एक होता.

या अधिवेशनाची घडण मराठी वाचकाला साहित्य संमेलनावरून सहज कळेल: दरवर्षी नवे गाव, नवा अध्यक्ष, नवी स्वागत समिती. जानेवारीचा पहिला पंधरवडा निवडण्यामागे व्यवहार होता. नाताळच्या सुटीत महाविद्यालये बंद असत, वसतिगृहांच्या खोल्या रिकाम्या मिळत आणि थंडीत लांबचा रेल्वेप्रवास सुसह्य होई.

चौथेच अधिवेशन, १९१७ चे, बंगळूरला झाले. कारण उघड होते. सेंट्रल कॉलेजची जुनी परंपरा आणि जमशेटजी टाटांच्या देणगीतून १९०९ मध्ये स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था, या दोन्हींमुळे शहरात व्याख्यानाची दालने, प्रयोगशाळा आणि पाहुण्यांची सोय एकाच वेळी उपलब्ध होती. त्यानंतर १९२४, १९३२, १९४६ आणि १९५१ मध्ये अधिवेशन पुन्हा बंगळूरला आले. १९५१ चे अध्यक्ष होमी भाभा होते.

फिरत्या अधिवेशनाचा फायदा मोठा होता. ज्या शहरात ते भरे, तिथल्या विद्यार्थ्यांना देशभरातले शास्त्रज्ञ प्रत्यक्ष पाहायला मिळत. पण वर्षातून एकदा काही दिवस भरणाऱ्या सभेची वाट पाहणे ताज्या शोधाला परवडत नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांना २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात प्रकाशाच्या विकिरणाचा नवा परिणाम दिसला. पुढच्या जानेवारीपर्यंत ते थांबले नाहीत. अवघ्या १७ दिवसांनी, १६ मार्च रोजी, बंगळूरच्या साउथ इंडियन सायन्स असोसिएशनपुढे त्यांनी ‘नवे प्रारण’ या विषयावर व्याख्यान दिले. मार्चअखेर ते छापूनही झाले. स्थानिक, लहान आणि तत्पर व्यासपीठाचे मोल या घटनेतून स्पष्ट दिसते.

कायमचे कार्यालय

१९३३ मध्ये रामन भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक म्हणून बंगळूरला आले. पुढच्याच जानेवारीत मुंबईला सायन्स काँग्रेस भरली. तिचे अध्यक्ष मेघनाद साहा यांनी देशाला शास्त्रज्ञांची अकादमी हवी, असा आग्रह धरला आणि त्यासाठी समिती नेमली गेली. समितीच्या कामावरून मतभेद झाल्याने रामन बाहेर पडले. २७ एप्रिल १९३४ रोजी बंगळूरमध्ये इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची नोंदणी झाली आणि ३१ जुलै रोजी ६५ संस्थापक फेलोंसह तिचे उद्घाटन झाले. कलकत्त्यात जानेवारी १९३५ मध्ये दुसरी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या मानद सचिवांत वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर होते. तीच आज दिल्लीची राष्ट्रीय विज्ञान अकादमी आहे.

बंगळूरच्या अकादमीने परिषदेच्या नियोजनात एक महत्त्वाची विभागणी रूढ केली. वार्षिक सभा फिरती राहिली, मात्र कार्यालय एका जागी स्थिर झाले. निमंत्रण देणारे विद्यापीठ सभागृह, निवास आणि भोजन पाहते. फेलोंची यादी, पत्रव्यवहार, कार्यक्रमपत्रिका आणि छपाई अकादमीचे कार्यालय सांभाळते. दरवर्षी नव्या हातांनी सगळे पहिल्यापासून उभे करण्याची गरज यामुळे संपली. अकादमीच्या ‘प्रोसीडिंग्ज’चा पहिला अंक जुलै १९३४ मध्येच निघाला. १९३५ पासून भौतिक विज्ञाने आणि जीवविज्ञान असे त्याचे दोन भाग झाले. सभेत बोलले गेलेले काम लगेच छापील रूपात जगापुढे नेण्याचे साधन अशा रीतीने हाताशी आले.

सभेचा आराखडाही ठरत गेला. दिवसा फेलोंची व्याख्याने, एखाद्या विषयावर परिसंवाद, संध्याकाळी नागरिकांसाठी जाहीर व्याख्यान आणि अध्यक्षीय भाषण. रामन १९७० मध्ये निधन होईपर्यंत अध्यक्ष राहिले आणि आपल्या ताज्या संशोधनावर बोलण्यासाठी त्यांनी हे व्यासपीठ वापरले. त्यानंतर अध्यक्षपदाला तीन वर्षांची मुदत आली. २०२२ ते २०२४ या काळात उमेश वाघमारे हे मराठी भौतिकशास्त्रज्ञ अध्यक्ष होते. फिरत्या वार्षिक सभेच्या जोडीला अकादमीने पुढे बंगळूरमध्येच भरणारी मध्यवार्षिक सभाही सुरू केली. ती जुलैच्या सुमारास होते. १९७३ मध्ये अकादमीने इंडियन फिजिक्स असोसिएशनच्या सहकार्याने ‘प्रमाण’ हे भौतिकशास्त्राचे नियतकालिक काढले. देशातल्या अनेक परिषदांचे निबंध त्यात विशेषांकांच्या रूपाने प्रसिद्ध झाले आहेत.

जगाचे यजमानपद

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा भाभा सुटीवर भारतात होते. केंब्रिजला परतता न आल्याने ते भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले आणि तिथे त्यांनी विश्वकिरणांच्या संशोधनाचा विभाग उभारला. त्यांची टाटा मूलभूत संशोधन संस्था १ जून १९४५ रोजी बंगळूरमध्येच सुरू झाली आणि त्याच वर्षाअखेर मुंबईला गेली. भौतिकशास्त्रातली मुंबई-बंगळूर ही जोडी तेव्हापासूनची आहे. बंगळूरमधल्या पुढच्या अनेक परिषदांचे नियोजन मुंबईच्या माणसांनी केले.

१९८३ ची आंतरराष्ट्रीय विश्वकिरण परिषद हे त्याचे ठळक उदाहरण. ही परिषद दर दोन वर्षांनी वेगवेगळ्या देशांत भरते. अठराव्या परिषदेचा मान बंगळूरला मिळाला, त्याला संशोधनाचे पाठबळ होते. शहराच्या पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवर कोलारच्या सोन्याच्या खाणी आहेत. त्यांच्या खोल बोगद्यांत टाटा संस्थेने जपानी आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांसह १९६५ मध्ये वातावरणातील न्यूट्रिनोंची नोंद केली होती. १९८० च्या सुमारास तिथेच, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, प्रोटॉनच्या क्षयाचा शोध सुरू झाला. ऑगस्टअखेर जमलेल्या प्रतिनिधींना त्या प्रयोगांवर काम करणारी माणसे समोर भेटली. या परिषदेचे निबंध दहाहून अधिक खंडांत निघाले. लेखकांनी टंकलिखित करून पाठवलेली पाने त्यांत जशीच्या तशी छापलेली आहेत. काही ठिकाणी समीकरणांतली ग्रीक अक्षरे हाताने भरलेली दिसतात. संगणकावरची अक्षरजुळणी येण्याआधी हजारो पानांचे काम वेळेत हातावेगळे करण्याचा हाच मार्ग होता आणि पानांची संख्या, समासाची रुंदी, टंकाचा आकार यांविषयीच्या सूचना सगळ्या देशांना आधी धाडाव्या लागत.

यानंतर आंतरराष्ट्रीय परिषदांची रांगच लागली. जालक क्षेत्रसिद्धांताची वार्षिक परिषद ऑगस्ट २००० मध्ये, सांख्यिकीय भौतिकीची बाविसावी जागतिक परिषद जुलै २००४ मध्ये आणि तंतुसिद्धांताची ‘स्ट्रिंग्ज’ ही वार्षिक परिषद जून २०१५ मध्ये बंगळूरला झाली. तारखा पाहण्याजोग्या आहेत. युरोप-अमेरिकेतली विद्यापीठे जून ते ऑगस्ट बंद असतात, म्हणून जागतिक परिषदा याच काळात भरतात. भारतात बऱ्याच ठिकाणी हा काळ उकाड्याचा किंवा मुसळधार पावसाचा. सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या बंगळूरमध्ये मात्र जुलैतले दुपारचे तापमान अठ्ठावीस अंशांच्या आसपास राहते. जगाचे वेळापत्रक आणि शहराची हवा यांचा असा मेळ बसल्यामुळे यजमानपद मागताना बंगळूरची बाजू नेहमी भक्कम राहिली.

परिषदांचे घर

तंतुसिद्धांताची परिषद त्याआधी जानेवारी २००१ मध्ये मुंबईला झाली होती. स्टीफन हॉकिंग तिला आले होते. अतीश दाभोलकर, सुनील मुखी आणि स्पेंटा वाडिया हे टाटा संस्थेतले तिघे तिचे संयोजक होते. एवढी मोठी परिषद म्हणजे संयोजकांच्या संशोधनातला बराच काळ खर्ची पडणे. दरवेळी निधी, सभागृह आणि निवास यांसाठी नव्याने धावपळ करण्याऐवजी हे काम स्वीकारणारी संस्थाच असावी, हा विचार जगात आधी रुजला होता. अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये इटलीतील त्रिएस्ते येथे आणि अमेरिकेने १९७९ मध्ये सांता बार्बरा येथे अशी केंद्रे सुरू केली होती.

भारतात २००७ मध्ये टाटा संस्थेने आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक विज्ञान केंद्र, म्हणजे ‘आयसीटीएस’, स्थापन केले. वाडिया त्याचे संस्थापक संचालक. सुरुवातीची काही वर्षे केंद्राला स्वतःची वास्तू नव्हती, म्हणून कार्यक्रम इतर संस्थांच्या सभागृहांत होत. जून २०१५ मध्ये, ‘स्ट्रिंग्ज’ परिषदेच्या तोंडावर, बंगळूरच्या उत्तरेला हेसरघट्टा भागातल्या परिसराचे उद्घाटन झाले. तिथल्या व्याख्यानगृहांना रामानुजन, चंद्रशेखर, माधव, एमी नोएदर यांची नावे आहेत. अतिथिगृह आणि भोजनगृह त्याच आवारात असल्यामुळे व्याख्यानानंतरची चर्चा रात्री उशिरापर्यंत चालू शकते.

केंद्राची कार्यपद्धती साधी आहे. देशातले कोणतेही शास्त्रज्ञ विषय, संयोजक आणि संभाव्य वक्ते यांचा प्रस्ताव पाठवतात. तज्ज्ञ त्याची छाननी करतात. मंजुरी मिळाली की विज्ञानाची बाजू संयोजकांकडे आणि प्रवास, निवास, नोंदणी, ध्वनिचित्रमुद्रण ही बाजू केंद्राच्या कर्मचाऱ्यांकडे जाते. भारतातल्या सांख्यिकीय भौतिकीच्या संशोधकांचा वार्षिक मेळावा याच पद्धतीने इथे भरतो.

नियोजनाचा क्रम

अशा वार्षिक परिषदेचे काम साधारणतः वर्षभर आधी सुरू होते. प्रथम तारीख ठरते. परीक्षा, सण आणि त्याच विषयाच्या इतर परिषदा टाळाव्या लागतात. मग वक्त्यांची यादी होते. तीत ज्येष्ठ आणि नवोदित, मोठ्या संस्था आणि लहान विद्यापीठे यांचा समतोल साधणे हे संयोजकांचे सर्वांत नाजूक काम आहे. परदेशी पाहुण्यांना परिषदेचा व्हिसा लागतो आणि त्यासाठी शासकीय मंजुरी वेळेत मिळवावी लागते. गोषवारे मागवणे, त्यांतून भाषणे आणि भित्तिपत्रे वेगळी काढणे, विद्यार्थ्यांना प्रवासखर्च देणे ही पुढची पायरी.

भित्तिपत्रांचे सत्र विद्यार्थ्यांसाठी विशेष मोलाचे असते. ८४ बाय ११९ सेंटिमीटरच्या कागदावर संशोधन मांडून विद्यार्थी त्याशेजारी उभा राहतो. ज्याचे पुस्तक त्याने वर्गात वाचले, तो प्राध्यापक समोर येऊन आलेखाकडे बोट दाखवून प्रश्न विचारतो. म्हणून फलक दाटीने न लावता मध्ये दोन-तीन माणसे उभी राहतील एवढी जागा सोडणे आणि सत्र चहाच्या वेळेला जोडणे, या बारीकसारीक बाबींवर त्याचे यश अवलंबून असते. व्याख्यानांच्या वेळापत्रकातही प्रश्नांसाठी राखलेली मिनिटे वक्त्यांना खाऊ न देण्याची जबाबदारी सत्राध्यक्षाची असते.

वार्षिक परंपरा आपोआप टिकत नाही, हे अलीकडच्या वर्षांनी दाखवले. सायन्स काँग्रेसचे १०७ वे अधिवेशन जानेवारी २०२० मध्ये बंगळूरला झाले. महामारीमुळे पुढची दोन वर्षे खंड पडला, १०८ वे अधिवेशन २०२३ मध्ये नागपूरला झाले आणि २०२४ च्या जानेवारीत अधिवेशन भरलेच नाही. दरवर्षी नव्या यजमानावर विसंबणारी रचना यजमान नसेल तिथे थांबते. कायमचे कार्यालय, निश्चित निधी आणि अनुभवी कर्मचारी असलेली रचना महामारीतही ऑनलाइन व्याख्यानांच्या आधारे सुरू राहिली. फिरत्या अधिवेशनाने विज्ञान नव्या गावांपर्यंत नेले, तर स्थिर केंद्राने चर्चेला खोली आणि सातत्य दिले. देशाला दोन्हींची गरज आहे आणि दोन्हींच्या मुळाशी, भाषणे सुरू होण्याच्या कितीतरी आधी, कुणीतरी चोखपणे केलेले नियोजन असते.