लष्करी सुटे भाग व नागरी रायफल

लष्करासाठी बनविलेल्या रायफलीचे सुटे भाग नागरी वापराच्या रायफलीत बसविले किंवा नागरिकाने ते केवळ जवळ बाळगले, तर कायद्याच्या दृष्टीने त्या शस्त्राचे स्वरूप बदलते काय, या प्रश्नाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विशेष महत्त्व प्राप्त झाले. तो मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उद्‌भवला. कारण तेथे घरात बंदूक असणे ही सर्वसामान्य गोष्ट असून लष्करी रायफलीचीच नागरी आवृत्ती दुकानांतून विकली जाते. वरवर पाहता हा प्रश्न केवळ तांत्रिक वाटतो. तथापि मुठीत मावणाऱ्या धातूच्या एका तुकड्यामुळे कायदेशीर वस्तू दहा वर्षांच्या कारावासाचे कारण होऊ शकते. त्यामुळे मालकाला काय ठाऊक असावयास हवे, हा फौजदारी कायद्याचा जुना प्रश्न येथे नव्या स्वरूपात पुढे आला.

अर्धस्वयंचलित रायफलीत चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. रिकामे काडतूस बाहेर पडून नवे काडतूस नळीत चढण्याची क्रिया मात्र आपोआप होते. स्वयंचलित रायफलीत चाप ओढून धरला असेपर्यंत गोळ्या सुटत राहतात. बाहेरून अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन रायफलींत हा भेद असू शकतो, कारण तो पोटातील मोजक्या भागांवर अवलंबून असतो. आघातशलाकेवर आदळणारा हॅमर, चाप सोडीपर्यंत त्यास अडवून धरणारा डिस्कनेक्टर, स्वयंचलित गोळीबारात योग्य क्षणी हॅमर मोकळा करणारा सिअर आणि गोळीबाराची पद्धत निवडण्याची सिलेक्टर खिट्टी हे ते भाग होत.

या वादात सर्वांत अधिक उल्लेखिली जाणारी रायफल म्हणजे एआर–१५. यूजीन स्टोनर याने आर्मालाइट कंपनीत असताना १९५० नंतरच्या दशकात तिचा आराखडा तयार केला. १९५९ मध्ये तिचे हक्क कोल्ट कंपनीने घेतले. तिचेच लष्करी रूप एम–१६ या नावाने अमेरिकी सैन्यात रूढ झाले आणि एआर–१५ या नावाने केवळ अर्धस्वयंचलित अशी नागरी आवृत्ती बाजारात आली. एम–१६ चे अनेक भाग एआर–१५ मध्ये बसतात. असा बदल कोणी करू नये म्हणून नागरी रायफलीच्या सांगाड्यावर धातूचा एक अडसर ठेवलेला असतो. एम–१६ ची सिलेक्टर खिट्टी बसविली, तरी या अडसरामुळे ती स्वयंचलित गोळीबाराच्या खुणेपर्यंत फिरत नाही.

मद्यबंदीच्या काळातील टोळीयुद्धांनंतर १९३४ साली संमत झालेल्या राष्ट्रीय बंदूक अधिनियमाने मशीनगनची व्याख्या तिच्या क्रियेवरून केली : चापाच्या एकाच क्रियेने, हाताने पुन्हा न भरता, एकापेक्षा अधिक गोळ्या आपोआप झाडणारे शस्त्र. अशा शस्त्राची नोंदणी व त्याच्या हस्तांतरावर २०० डॉलर कर आवश्यक करण्यात आला. त्या काळी ही रक्कम जबर होती. प्रत्यक्षात हा कराच्या रूपाने घातलेला निर्बंधच होता. व्याख्येत सुट्या भागांचा विचार मात्र नव्हता आणि ही पळवाट १९६८ च्या दुरुस्तीने बुजविली. शस्त्राचा सांगाडा, शस्त्राचे मशीनगनमध्ये रूपांतर करण्यासाठी बनविलेला भागांचा संच, तसेच ज्यांपासून मशीनगन जुळविता येईल असे एकाच व्यक्तीच्या ताब्यातील भाग, या सर्वांचा समावेश ‘मशीनगन’ या संज्ञेत झाला. १ नोव्हेंबर १९८१ नंतर तयार झालेला व एआर–१५ मध्ये बसणारा स्वयंचलित सिअर सुटा असला, तरी तो मशीनगनच मानला जाईल, असे संबंधित संघीय खात्याने ठरविले. पुढे १९८६ च्या अधिनियमाने निव्वळ रूपांतरासाठी बनविलेला एकच भागही व्याख्येत आणला आणि त्या वर्षीच्या १९ मेपूर्वी कायदेशीर रीत्या नोंदलेल्या मशीनगनांखेरीज इतर मशीनगना नागरिकांना बाळगण्यास मनाई केली. स्वतः एकही गोळी झाडू न शकणाऱ्या लोखंडी तुकड्यास मशीनगन म्हणणे हे सामान्य माणसाला विचित्र वाटेल. परंतु एवढी कल्पना स्वीकारल्याशिवाय बंदी अमलात आणणे शक्य नव्हते, हेही मान्य केले पाहिजे.

भाग जवळ असणे म्हणजे शस्त्र जवळ असणे, हे तत्त्व किती ताणावयाचे? टॉम्पसन–सेंटर आर्म्स या कारखान्याच्या खटल्यात (१९९२) हा मुद्दा उपस्थित झाला. हा कारखाना एक पिस्तूल व त्याची लांब नळीची रायफल करण्यासाठी लागणारे भाग एकत्र विकत असे. त्याच भागांपासून बेकायदा आखूड नळीची रायफलही जुळविता आली असती. सर्वोच्च न्यायालयाने निकाल कारखान्याच्या बाजूने दिला. ज्या भागांचा कायदेशीर उपयोग संभवतो ते एकत्र असणे एवढ्यावरून बेकायदा शस्त्र तयार केले असे होत नाही आणि कायदा संदिग्ध असेल, तर त्याचा अर्थ आरोपीस अनुकूल असा लावावा, ही त्यामागील भूमिका होती.

या विषयावरील सर्वांत महत्त्वाचा निर्णय म्हणजे स्टेपल्स विरुद्ध अमेरिकेची संयुक्त संस्थाने (१९९४) हा होय. आरोपीच्या घराच्या झडतीत एक एआर–१५ रायफल सापडली. तिच्या सांगाड्यावरील अडसर कानशीने घासून काढलेला होता आणि आत एम–१६ ची सिलेक्टर खिट्टी, हॅमर, डिस्कनेक्टर व चाप बसविलेले होते. सरकारी चाचणीत चाप एकदाच ओढल्यावर तिच्यातून एकाहून अधिक गोळ्या सुटल्या. रायफल नोंदलेली नव्हती, याबद्दल वाद नव्हता. आपल्या ताब्यात असताना ती कधीही स्वयंचलितपणे चालली नाही, किंबहुना एकेक गोळीदेखील ती धडपणे झाडत नसे, असे आरोपीचे म्हणणे होते. तिच्या या क्षमतेची त्याला जाणीव होती हे सरकार पक्षाने सिद्ध केले पाहिजे, असे ज्यूरीला सांगण्याची त्याची विनंती कनिष्ठ न्यायालयाने अमान्य केली. आपण नियंत्रणाखाली येऊ शकेल अशी धोकादायक वस्तू बाळगत आहोत, एवढे ठाऊक असणे त्या न्यायालयाने पुरेसे मानले. आरोपीस ५ वर्षांची परिवीक्षा व ५,००० डॉलर दंड अशी शिक्षा झाली.

सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ही दोषसिद्धी रद्द ठरविली. हातबाँबच्या संदर्भात १९७१ साली त्याच न्यायालयाने कडक भूमिका घेतली होती. हातबाँब बाळगणारा मनुष्य आपण निर्दोष कृत्य करीत आहोत, असे समजू शकत नाही. परंतु न्यायमूर्ती क्लॅरेन्स टॉमस यांच्या निकालपत्रानुसार बंदुकीची गोष्ट निराळी आहे. ती धोकादायक असली, तरी अमेरिकेत तिची मालकी परंपरेने व्यापक व कायदेशीर राहिली आहे. आतील बदल बाहेरून दिसत नाही. झिजेमुळेही एखादी बंदूक सदोष होऊन एका ओढीत अनेक गोळ्या झाडू शकते. अशा मालकास त्याच्या अज्ञानाची दखल न घेता दहा वर्षांपर्यंत कारावास देण्याचा विधिमंडळाचा हेतू असता, तर त्याने तसे स्पष्ट म्हटले असते, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. ज्या गुणधर्मामुळे शस्त्र निषिद्ध ठरते ते आरोपीला ठाऊक होते, हे सिद्ध करणे सरकार पक्षावर बंधनकारक झाले. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स व हॅरी ब्लॅकमन यांनी मात्र भिन्न मत नोंदविले. अशा प्रकारची रायफल बाळगणाऱ्याने तिच्याविषयीचे नियम आपणहून जाणून घेतले पाहिजेत, असा त्यांचा रोख होता. या मताचे वजन कमी लेखता येत नाही. कारण घासलेला अडसर हा झिजेचा परिणाम नसतो. पण तो कोणी घासला, हेच तर सिद्ध व्हावयाचे असते.

याच सुमारास कायद्याने दुसरी एक वाट धरली : शस्त्राच्या क्रियेऐवजी त्याच्या बाह्य रूपाची. जानेवारी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथील शाळेत पाच मुले गोळीबारात मृत्युमुखी पडल्यावर लष्करी धाटणीच्या ४३ प्रकारच्या रायफलींची आयात थांबविण्यात आली. आयात न करता परदेशी भाग आणून तीच रायफल देशात जुळविण्याचा मार्ग १९९० च्या कायद्याने रोखला. त्यानुसार झालेल्या नियमांत वीस भागांची यादी असून त्यांपैकी दहापेक्षा अधिक आयात भाग अशा रायफलीत असू नयेत, असे ठरले. सप्टेंबर १९९४ च्या कायद्याने दुमडता दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन बसविण्याची सोय, ज्वालारोधक व ग्रेनेडक्षेपक यांपैकी दोन लक्षणे असलेल्या व सुटे मॅगझीन लागणाऱ्या अर्धस्वयंचलित रायफलींच्या नव्या उत्पादनावर बंदी घातली. संगीन काढून टाकल्याने गोळीचा वेग कमी होत नाही. साहजिकच कारखानदारांनी किरकोळ फेरफार करून जवळजवळ त्याच रायफली पुन्हा बाजारात आणल्या. दहा वर्षांची मुदत संपून हा कायदा २००४ साली लुप्त झाला. काही घटक राज्यांनी मात्र असे निर्बंध स्वतंत्रपणे चालू ठेवले.

१ ऑक्टोबर २०१७ रोजी लास व्हेगास येथे झालेल्या हत्याकांडात ‘बंप स्टॉक’ बसविलेल्या रायफली वापरण्यात आल्या. या सरकत्या दस्त्यामुळे रायफल धक्क्याने मागेपुढे होऊन चाप स्थिर बोटावर वारंवार आपटतो व गोळीबार मशीनगनच्या गतीने होतो. संघीय खात्याने २०१८ साली त्याची गणना मशीनगनमध्ये केली. गार्लंड विरुद्ध कारगिल (२०२४) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हा नियम रद्द केला. प्रत्येक गोळीसाठी चाप नव्याने कार्य करतो, म्हणून १९३४ ची व्याख्या येथे लागू पडत नाही, असे निकालपत्रात म्हटले आहे. तेही टॉमस यांनीच लिहिले.

भारतात ही गुंतागुंत बव्हंशी टळली. याचे कारण येथे बंदूक हीच परवान्याची बाब आहे. १८७८ च्या ब्रिटिश शस्त्र अधिनियमापासूनच शस्त्रांचे भाग व ती बनविण्याची यंत्रे यांचा ‘शस्त्रे’ या संज्ञेत अंतर्भाव होतो आणि १९५९ च्या अधिनियमाने तो कायम ठेवला. चापावरील दाब असेपर्यंत गोळ्या झाडीत राहणारे अग्निशस्त्र ‘प्रतिबंधित शस्त्र’ ठरते. त्याखेरीज बोअरचा, म्हणजे नळीच्या व्यासाचा, निकषही लावला जातो. लष्करी ·३०३ बोअर प्रतिबंधित असल्यामुळे ईशापूर येथील सरकारी कारखान्याने शिकारी व शेतकरी यांच्यासाठी तिच्याच घडणीची, पण ·३१५ बोअरची रायफल बनविली. तिच्यात लष्करी काडतूस चालत नाही. जाणिवेचा प्रश्न मात्र येथेही टळला नाही. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९७२) या खटल्यात शस्त्राचा ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते. मुंबईतील १९९३ च्या बाँबस्फोट प्रकरणातून निघालेल्या संजय दत्त विरुद्ध राज्य या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सप्टेंबर १९९४ मध्ये, स्टेपल्स निर्णयानंतर चारच महिन्यांनी, ‘टाडा’सारख्या कठोर कायद्यालाही हेच तत्त्व लागू केले. २०१९ च्या दुरुस्तीने एका वर्गातील अग्निशस्त्राचे दुसऱ्या वर्गात रूपांतर करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरविला असून त्यास किमान सात वर्षांपासून आजन्म कारावासापर्यंत शिक्षा आहे.